जिरूला गोधडीत कुणी घेईना

डोळे अर्धे मिटा. अर्धेच हं! सगळे मिटलेत तर जिरू कसा दिसणार?

एक होतं पिल्लू. कुत्र्याचं पिल्लू. जिऱ्याएवढं. बरं बरं, जिऱ्याएवढं नाही, चपलेएवढं. पण नाव मात्र जिरू.

जिरू राहायचा मैनूच्या घरी. मैनू छोटी. तिची कुंदाआत्या मोठी. घर दुसऱ्या मजल्यावर. जिना केवढा उंच! जिरूचे पाय केवढेसे! शू लागली की खाली पोचेपर्यंत व्हायचीच. मग काय, जिन्यात तळं.

शू म्हटल्यावर कोण हसलं? हसा बापडे. आत्यासुद्धा हसली होती.

मग आत्याने जिरूला शूची गादी शिवून दिली. जुन्या लुगड्याची. मऊ मऊ. आत कापूस. बाल्कनीच्या दाराशी अंथरली आणि म्हणाली, "हं, इथे करायची शू."

जिरूने गादी हुंगली. मग काय केलं? फर्र फर्र फर्र! गादीच्या चिंध्या. घरभर कापूस.

आत्याने दुसरी गादी शिवली. फर्र फर्र फर्र!

आत्याने तिसरी शिवली. तिला कडुनिंबाचा पाला चोळला. "बघते आता कसा चावतो ते!" जिरूने जीभ लावली. तोंड वाकडं केलं. ईऽऽ, कडू! आणि मग? फर्र फर्र फर्र!

"हात टेकले बाई या पिल्लापुढे!" आत्या म्हणाली.

थंडीची दुपार होती. ऊन पिवळं होतं. घर पेंगत होतं. तिसऱ्या गादीचा कापूस हळूहळू तरंगत होता. एक पुंजका कपाटावर बसला. एक पुंजका जिरूच्या नाकावर बसला.

रोज दुपारी मैनू गोधडीत झोपायची. जिरूही गोधडीत झोपायचा. मैनूच्या पोटाशी जिरूचं नाक. मग दोघांना झोप यायची. पण आज आत्याने बोट वर केलं.

"शूची गादी नाही, मग शू कुठे? गोधडीत? छे छे! आता ही शेवटची गादी. लुगडं संपलं. ही गादी झाली आणि जिरूने ती जपली, तरच जिरू गोधडीत. नाहीतर रोज चपलांच्या खोक्यात झोपायचं. दाराशी. एकट्याने."

मैनूने जिरूला जवळ ओढलं.

"आणि मैनू, तू झोप बघू. गोधडीबाहेर पाय काढायचा नाही."

आत्या भिंतीला टेकून बसली. गादी शिवू लागली. शिवता शिवता मान डुलली. हातातलं रीळ सुटलं. गडगड गडगड, गेलं निघून. आत्या झोपली. घुर्र फूऽ. घुर्र फूऽ.

गादी अर्धीच राहिली.

चपलांचं खोकं दाराशी होतं. जिरूने बघितलं. आत अंधार होता. जिरूला रडू आलं. जिरू निघाला. टिपूक टिपूक, टिपूक टिपूक.

आत्याच्या मांडीवर अर्धी गादी पडली होती.

"गादीबाई, गादीबाई, पुरी हो ना!
गादी होईना, मला गोधडीत कुणी घेईना."

गादीने कूस बदलली. कापूस जरासा फुगला. गादी म्हणाली, "मी आपली आपण कशी होऊ? सुई चालेल, तर मी होईन."

जिरू निघाला. टिपूक टिपूक, टिपूक टिपूक.

सुई आत्याच्या बोटांत होती. एक डोळा, तोही पेंगलेला.

"सुईताई, सुईताई, चाल ना!
सुई चालेना, गादी होईना.
गादी होईना, मला गोधडीत कुणी घेईना."

सुई म्हणाली, "दोऱ्याशिवाय? नुसतीच भोकं पडतील. दोरा सुटेल, तर मी चालेन."

जिरू निघाला. टिपूक टिपूक, टिपूक टिपूक.

दोरा कुठे होता? मनीच्या पोटाखाली. मनी म्हणजे शेजारची मांजर. झोपायला मात्र इथे. दोऱ्याचं एक टोक बाहेर डोकावत होतं.

"दोरेदादा, दोरेदादा, सुटा ना!
दोरा सुटेना, सुई चालेना.
सुई चालेना, गादी होईना.
गादी होईना, मला गोधडीत कुणी घेईना."

दोरा आतूनच बोलला. आवाज अगदी दबका. "फार जड आहे रे ही. फार ऊबही आहे. मनी उठेल, तर मी सुटेन."

जिरू निघाला. टिपूक. झालं, पोचला! मनी तिथेच तर होती.

मनी उन्हाच्या कवडशात झोपली होती. कवडसा म्हणजे फटीतून आलेलं ऊन. जमिनीवर पिवळं, गोल, उबदार. त्यात मनी. घर्र घर्र, घर्र घर्र.

"मनीमाऊ, मनीमाऊ, ऊठ ना!
मनी उठेना, दोरा सुटेना.
दोरा सुटेना, सुई चालेना.
सुई चालेना, गादी होईना.
गादी होईना, मला गोधडीत कुणी घेईना."

मनीने एक डोळा उघडला. अर्धाच. "मी? उठू? एवढं छान ऊन सोडून? वा रे वा!" आणि डोळा मिटला. मिटल्यावर म्हणाली, "कवडसा सरकेल, तर मी उठेन."

भाव खाते नुसती!

जिरूने कवडशावर पाय ठेवला. पाय पिवळा झाला. नाक ठेवलं. नाक पिवळं झालं.

"कवडसेकाका, कवडसेकाका, सरका ना!
कवडसा सरकेना, मनी उठेना.
मनी उठेना, दोरा सुटेना.
दोरा सुटेना, सुई चालेना.
सुई चालेना, गादी होईना.
गादी होईना, मला गोधडीत कुणी घेईना."

कवडसा हसला. हसला की आणखी पिवळा व्हायचा. त्याच्यात धुळीचे कण नाचत होते. वर खाली, वर खाली. बघता बघता जिरूलाच झोप यायला लागली. नको नको, जिरू, आत्ता नको!

कवडसा म्हणाला, "बाळा, मला पाय नाहीत. पडदा हलेल, तर मी सरकेन."

जिरू निघाला. टिपूक टिपूक, टिपूक टिपूक.

बाल्कनीच्या दाराला पडदा होता. निळा. लांबलचक. जमिनीपर्यंत लोंबलेला. उभ्या उभ्याच झोपला होता.

"पडदेबुवा, पडदेबुवा, हला ना!
पडदा हलेना, कवडसा सरकेना.
कवडसा सरकेना, मनी उठेना.
मनी उठेना, दोरा सुटेना.
दोरा सुटेना, सुई चालेना.
सुई चालेना, गादी होईना.
गादी होईना, मला गोधडीत कुणी घेईना."

पडदेबुवांनी जांभई दिली. वरपासून खालपर्यंत. एवढ्या लांब पडद्याची जांभईही लांब. आऽऽऽऽऽ. तुम्हालाही आली ना?

मग पडदा म्हणाला, "मी मनाने हलत नसतो. वारा वाहील, तर मी हलेन."

आणि तेवढ्यात काय झालं माहीत आहे? जिरूला शू लागली. हो, आत्ताच! आता करायची कुठे? गादी अर्धी. जिना लांब. जिरूने पाय जवळ घेतले. शेपूट जवळ घेतलं. आणि निघाला. टिपूकटिपूकटिपूकटिपूक!

बाल्कनीत दोरीवर मैनूचा फ्रॉक वाळत होता. फ्रॉकाच्या घेरात वारा झोपला होता. अंगाचं मुटकुळं करून. फ्रॉक जरासा फुगलेला, बाकी सगळं स्तब्ध.

"वारोबा, वारोबा, वाहा ना!
वारा वाहेना, पडदा हलेना.
पडदा हलेना, कवडसा सरकेना.
कवडसा सरकेना, मनी उठेना.
मनी उठेना, दोरा सुटेना.
दोरा सुटेना, सुई चालेना.
सुई चालेना, गादी होईना.
गादी होईना, मला गोधडीत कुणी घेईना.
आणि मला शू लागलीय!"

वारा झोपेतच पुटपुटला. "मी स्वप्नात आहे. स्वप्नात मी ढगांना झोका देतोय. इतक्यात नको उठवू. कुणी हळूच फुंकर घातली, तर मी वाहीन."

जिरूने फुंकर घातली. पण कुत्र्याच्या पिल्लाला फुंकर येते का? "फफ्" झालं, बस्स. आणि शिंक आली.

मग कोण राहिलं? मैनू!

जिरू आत आला. टिपूक टिपूक, टिपूक टिपूक. मैनू गोधडीत होती. नाकापर्यंत गोधडी. झोपली होती? छे! पोटाशी जिरूचं नाक नव्हतं. झोप येणार कशी? तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मैनूताई, मैनूताई, फुंक ना!
मैनू फुंकेना, वारा वाहेना.
वारा वाहेना, पडदा हलेना.
पडदा हलेना, कवडसा सरकेना.
कवडसा सरकेना, मनी उठेना.
मनी उठेना, दोरा सुटेना.
दोरा सुटेना, सुई चालेना.
सुई चालेना, गादी होईना.
गादी होईना, मला गोधडीत कुणी घेईना."

मैनू कुजबुजली, "पण जिरू, आत्या म्हणालीय, पाय बाहेर काढायचा नाही."

जिरूने मान खाली घातली. कान पाडले. तो खोक्याकडे वळला.

"अरे थांब की!" मैनू म्हणाली. "फुंकायला पाय कशाला लागतो?"

शहाणी गं माझी बाय ती! तिने पाय आतच ठेवले. ओठांचा चंबू केला. आणि फुंकर घातली.

फूऽऽऽऽ.

फुंकर निघाली. जिरूच्या कानावरून गेली. कापसाच्या पुंजक्यावरून गेली. पडद्याच्या खालून गेली. फ्रॉकाच्या घेरात शिरली. आणि मग?

मैनूने फुंकलं, वारा वाहिला. भिर्र भिर्र.
वारा वाहिला, पडदा हलला. सळ सळ.
पडदा हलला, कवडसा सरकला. अलगद.
कवडसा सरकला, मनी उठली. "शी बाई, काय हे!"
मनी उठली, दोरा सुटला. गडगड गडगड.
दोरा सुटला, सुई चालली.

चालली कशी? रीळ घरंगळत आत्याच्या पायाशी आलं. आत्याने पेंगत पेंगत दोरा ओवला. आत्याच्या बोटांना सगळं पाठ आहे, डोळे मिटले तरी चालतं. टुप टुप. टुप टुप. एक बाजू झाली. दुसरी झाली. तिसरी झाली.

आता शेवटचा कोपरा.

तिथे सुई थांबली. आत्याने पेंगतच शेजारची डबी उघडली. टक्! आतून काढला पोळीचा घास. तूप लावलेली पोळी. तो घास घातला गादीच्या कोपऱ्यात.

आता हे काय नवीन? सांगते. आत्याच्या आईने आत्याला गोधडी शिवायला शिकवलं. शेवटच्या कोपऱ्यात पोळीचा घास घालायचा, मगच शेवटचा टाका. गोधडी उपाशी राहायला नको. उपाशी गोधडी ऊब कशी देणार? आत्याने आजवर असंच केलं. सवयच ती. गोधडी असो, दुपटं असो, घास जायचाच. आणि शूची गादी असो, तरी घास जायचाच!

जिरूचं नाक हललं. हुंग हुंग. तूप! पोळी! शेपूट हललं. जिरू गादीकडे निघाला. टिपूक टिपूक, टिपूक टिपूक. तोंड उघडलं. इवलेसे दात दिसले.

मैनूने ते दात बघितले. आता फर्र होणार. मग चपलांचं खोकं. दाराशी. एकट्याने.

"आत्याऽऽ! घास!"

आत्या दचकून जागी झाली. "काय गं? कुणाचा घास?"

"गादीतला! तू घातलेला! जिरू गादी खात नाही गं आत्या. तो पोळी शोधतो!"

आत्याने गादीचा कोपरा बघितला. आतला घास बघितला. मग जिरूकडे बघितलं. जिरूच्या तोंडाला पाणी सुटलं होतं आणि डोळे भेदरले होते.

"अगं बाई गं!" आत्याने कपाळावर हात मारला. "पोळी मीच लपवायची, आणि ओरडायचंही मीच! चुकलं रे जिरू माझं. चुकलं बाळा." तिने जिरूला उचललं आणि गालाशी धरलं. आत्याचा गाल ओला होता.

पण लगेच ती काळजीत पडली.

"मैनू, घास काढला तर गादी उपाशी राहील की गं. मी कधी कुणाला उपाशी ठेवलं नाही."

मैनूने विचार केला. गोधडीत राहूनच केला.

"आत्या, गादी शू पिते ना?"

"पिते बाई."

"मग तिचं पोट भरतंच की!"

आत्याने गादीकडे बघितलं. मग हसायला लागली. हसली, हसली, पोट धरधरून हसली. मांडीवरची गादीही हलायला लागली. मनी म्हणाली, "या घरात झोपायची सोय नाही."

आत्याने घास बाहेर काढला. कोपरा नीट झटकला. शेवटचा टाका घातला. टुप! आणि घास? घास जिरूच्या तोंडात. गट्टम! मनीला काही नाही. तिने केलं काय? उठली तेवढी.

सुई चालली, गादी झाली.

आत्याने गादी बाल्कनीच्या दाराशी अंथरली. जिरू आला. हुंग हुंग. तूप नाही. पोळी नाही. नुसतं धुतलेलं लुगडं आणि कापूस. जिरू एकदा गोल फिरला. पुन्हा गोल फिरला. मैनू बघतेय. आत्या बघतेय. मनीसुद्धा बघतेय, पण न बघितल्यासारखं करून.

आणि जिरूने...

सुर्रर्रर्रर्र.

केवढी मोठी शू ती! कधीची धरली होती बिचाऱ्याने! गादी प्यायली, प्यायली, सगळी प्यायली. गादीचं पोट भरलं. आणि फर्र झालं का? नाही झालं. एक टाकासुद्धा उसवला नाही.

"शाब्बास माझ्या वाघा!" आत्या म्हणाली. तिने जिरूचे चारही पाय पुसले आणि त्याला सोडलं.

जिरू मैनूपाशी आला आणि थांबला. आत जाऊ का? त्याला अजून भीती वाटत होती. त्याने आत्याकडे बघितलं.

आत्याने स्वतःच गोधडीची कड उचलली. "जा की. तुझीच जागा आहे."

काय म्हणता? गोधडीच्या कोपऱ्यातही घास असेल? असेल की. पण ती गोधडी मैनूच्याही आधीची. शंभरदा धुतलेली. तुपाचा वास केव्हाच उडून गेला.

जिरू आत शिरला. मैनूच्या पोटाशी नाक लावलं. नाक गार होतं. मैनू खुदकन हसली. आत्याने वरून गोधडी सारखी केली. खोक्यात चपलाच राहिल्या.

मैनू झोपली, जिरू झोपला.
जिरू झोपला, आत्याने सुई ठेवली.
सुई ठेवली, दोरा गुंडाळला.
दोरा गुंडाळला, मनी पसरली.
मनी पसरली, कवडसा भिंतीवर गेला.
कवडसा गेला, पडदा निवांत झाला.
पडदा निवांत झाला, वारा पुन्हा फ्रॉकात शिरला.

ज्याची जागा त्याला मिळाली, गोष्ट आता आडवी झाली.